म्हशी विण्याच्या दिवसांतली कंबरदुखी अंगावर काढू नका

सोयाबीन निघालं, रब्बीची पेरणी चालू आहे आणि गोठ्यात म्हशी वितायत. अशा दिवसांत कंबर धरली की कामामुळे धरली असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मागच्या काही महिन्यांत एखादं जनावर सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलं असेल, वार अडकली असेल आणि ती तुम्ही उघड्या हाताने काढली असेल, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जंतूंच्या रोगाची, शंका घ्या.

या रोगाचे जंतू गाभडलेल्या वासरात, वारेत आणि स्रावात प्रचंड असतात. हातावरच्या चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातून किंवा कच्च्या दुधातून ते माणसात शिरतात. धारोष्ण दूध, कच्चा चीक पिऊच नका. शेळ्या-मेंढ्यांतला प्रकार माणसाला जास्त जड जातो.

कामाची कंबरदुखी बहुधा चार दिवस आराम केला की उतरते. ब्रुसेलोसिसची उतरत नाही, रात्रीही ठणकते. संध्याकाळी ताप, अंथरूण ओलं करणारा घाम, सांधेदुखी, खाण्यावर वासना नाही. ताप मध्येच जातो, पुन्हा येतो. जंतू मणक्यात गेले तर बहुतेक वेळा कंबरेचेच मणके धरतात.

खरी फसगत निदानात होते. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो; एमआरआयमध्ये संसर्ग लवकर दिसतो, पण तो मणक्याच्या क्षयासारखाच वाटू शकतो. क्षय बहुधा पाठीच्या मधल्या मणक्यांत होतो आणि मणका खचवतो. ब्रुसेलोसिसमध्ये मणक्याचा आकार बराचसा टिकतो. तरी नुसत्या फोटोवर भरवसा नको. रिफाम्पिसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं दोन्ही रोगांत चालतात, त्यामुळे क्षयाच्या उपचारानेही थोडा उतार पडतो आणि मूळ रोग झाकला जातो. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा: घरी जनावरं आहेत, अमुक महिन्यात एक गाभडलं, वार मी काढली. ब्रुसेलोसिस ओळखायची रक्ताची ‘रोज बेंगाल’ आणि ‘एसएटी’ नावाची चाचणी, तसंच कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) करायचं का, हे विचारा. रोग मणक्यात गेला असेल तर उपचार किमान तीन महिने चालतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. पायातली ताकद गेली, बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

गाभडलेलं वासरू आणि वार हातमोजे, मास्क घालून चुना टाकून खोल पुरा. कुत्र्यांपुढे टाकू नका. गरोदर बाईला तिथे जाऊ देऊ नका. गाभडलेल्या जनावराला वेगळं बांधून पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्या. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस एकदाच टोचायची असते. ती जिवंत जंतूंची आहे, तेव्हा गाभण जनावराला नको आणि टोचण्याचं काम पशुवैद्यकांनीच करायचं.