प्रशिक्षणाचं वेळापत्रक लावताना या चुका टाळा

नव्या व्यवसायांना उभं राहायला मदत करणाऱ्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये छोट्या उद्योजकांची प्रशिक्षणं लावणं हे माझं काम. नव्या कोऑर्डिनेटरचं वेळापत्रक हातात आलं की कळतं, हॉल कधी मोकळा आणि तज्ज्ञ कधी येणार एवढंच धरून ते लावलंय. शिकायला येणाऱ्यांचा हंगाम कधी, हे कुणी विचारलेलंच नसतं.

ही चूक मीही केली आहे. लेबलिंग-पॅकेजिंगची कार्यशाळा वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात लावली, कारण मुंबईचे तज्ज्ञ तेव्हाच मोकळे होते. नावं चोवीस जणींनी दिली, आल्या पाच. त्यात चकलीचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई होत्या. शेवटची खुर्ची, मांडीवर फोन, नखांत भाजणीचं पीठ. साडेअकराला उठल्या. "मॅडम, चाळीस किलोची ऑर्डर आहे, कढईपाशी एकटी जाऊबाई आहे. जाऊ का?" जाताना पिशवीतून एक पाकीट काढून दाखवलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर होता, हिरवा ठिपका होता, 'एक्स्पायरी डेट' मात्र नव्हती. दोन हजार स्टिकर छापून झाले होते. "हे आषाढात सांगितलं असतंत तर?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून लेबलचा विषय मी जुलैच्या पुढे जाऊ देत नाही. माल किती दिवस टिकतो हे तपासायलाच कित्येक आठवडे जातात, मग मजकूर, मग छपाई. दसऱ्याला ऑर्डरी सुरू होतात तेव्हा पाकीट तयार हवं. हिशेब आणि किंमत ठरवण्याचा वर्ग भाऊबीज झाल्यावर घ्यावा. तेव्हा दिवाळीचे ताजे आकडे वहीत असतात, उदाहरणं शोधावी लागत नाहीत.

दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी रिटर्नची मुदत संपते. त्यांच्या आदल्या दिवशी काहीही लावू नका.

भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांना रविवारी बोलावू नका. त्यांची सुट्टी गुरुवारी असते.

अनुदान संपवायचं म्हणून मार्चमध्ये सहा कार्यशाळा कोंबणं मला अजिबात पटत नाही. खर्चाचा दाखला वेळेत जातो, पण त्याच महिन्यात उद्योजकाचं वर्षअखेर असतं आणि पापड-कुरडयावाल्यांचं वाळवण गच्चीवर असतं.

सलग पाच दिवसांचं निवासी शिबिर हा आणखी एक सोपा मार्ग. आयोजकाला सोपा. एकटीच्या जिवावर चालणारं दुकान पाच दिवस बंद राहिलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. मी आठवड्यातून एकदा, दुपारी दोन ते पाच घेते. दर वेळी एक काम घरी करून आणायचं. नवीन मुलांना हे रेंगाळणं वाटतं. त्यांना पहिल्याच आठवड्यात पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण, हवं असतं. मी आधी एका किलोचा खर्च मागते, गॅस आणि स्वतःची मजुरी धरून. तो कागद आल्याशिवाय पुढच्या वर्गाला बसवत नाही. त्यावर रुसून गेलेलेही आहेत, पण हा नियम मी सोडलेला नाही.

व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याला हजेरी समजू नका. आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाला स्वतः फोन करते आणि "येताय ना?" न विचारता "उद्या दुकान कोण बघणार?" असं विचारते. निम्म्या जणांकडे उत्तर नसेल तर त्याच रात्री तारीख बदलते.