आयसीटीसीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: आधी तारीख विचारा

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, आयसीटीसीत म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, कंत्राटी लॅब टेक्निशियन म्हणून लागलो. कॉलेजात एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी घोटून घेतलेली. इथे टेबलावर झटपट निकाल देणारं रॅपिड किट, सेंट्रिफ्यूज आणि कुरकुरणारा फ्रिज. वाटलं, यात काय अवघड?

पहिला धडा फ्रिजनेच दिला. किट २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, वर लाईटचा भरवसा नाही. तापमानाची नोंद रोज दोनदा करा, सुटीनंतर तर आल्या आल्या आधी फ्रिज बघा. चाचणीआधी किट खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, आणि निकाल किटच्या कागदावर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा. चहा पिऊन आल्यावर दिसलेली पुसट रेघ ही रेघ नव्हे. किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघच नसेल तर ती चाचणी बाद.

पहिलं किट नॉन-रिॲक्टिव्ह आलं तर रिपोर्ट निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आलं तर वेगळ्या किटांनी आणखी दोन चाचण्या. तिन्ही जुळले तरच पॉझिटिव्ह. निकाल अनिश्चित राहिला तर २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा रक्त. हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यात असतं, आठवड्याभरात हाताला बसतं.

तक्त्यात नसतं ते मी चूक करून शिकलो.

कापूस वेचणीचे दिवस होते. ट्रकवरचा एक क्लीनर आला. चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह. तो दारातच उभा, "भाऊ, काई निघालं काय?" मी म्हणालो, "काही नाही, जा बिनधास्त." तो गेलाही. समुपदेशक मॅडम बाहेर आल्या आणि मला एवढंच विचारलं, "तारीख पाहिली होती?" त्यांच्या नोंदीत जोखमीचा शरीरसंबंध आल्याला १२ दिवस झाले होते.

इथेच सगळी मेख आहे. आपली रॅपिड किटं मुख्यतः शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती सापडण्याइतकी व्हायला ३ ते १२ आठवडे लागतात. त्याआधी साधारण दहा-बारा दिवसांनी विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय धागा) रक्तात सापडू लागतो, मग पी-२४ अँटिजेन हे विषाणूचं प्रथिन. पण आरएनएची चाचणी आपल्या टेबलावर होत नाही. म्हणजे १२ व्या दिवशीच्या माझ्या निगेटिव्हला काडीचा अर्थ नव्हता. उलट याच काळात रक्तात विषाणू सर्वात जास्त असतो, संसर्ग पसरायची शक्यताही. दोन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, घसा असं होऊन जातं. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास असा ताप आला की मलेरियाची स्लाईड काढतात आणि विषय संपतो.

दुसरी चूक त्याहून मोठी. निकाल सांगणं माझं कामच नव्हतं. तो समुपदेशकांनी, बंद दाराआड सांगायचा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि खेड्यातल्या दवाखान्यात दारात बोललेलं संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं हे कायद्याशिवायही कळायला हवं होतं.

(सुई टोचलीच तर बोट पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच डॉक्टरांकडे जा. पीईपीची (संसर्ग टाळायला घ्यायची) गोळी जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा.)

तो क्लीनर संक्रांतीनंतर आला. तिन्ही किटं रिॲक्टिव्ह. मधले दोन महिने तो बिनधास्तच होता, मी सांगितलं होतं तसा, घरी, बायकोजवळ.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन आला. ट्यूब हातात घेण्याआधी मी मॅडमकडे जाऊन शेवटच्या संबंधाची तारीख विचारली. नऊ दिवस. चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली. मी दाराकडे पाहिलं नाही. स्लिप मॅडमकडे दिली आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे फेरतपासणीची, एप्रिलची तारीख लिहिली.