गावच्या घरी लॅपटॉप घेऊन येण्याआधी

पणजीत बसून सत्तरी तालुक्यातल्या गावासाठी सिम घेऊ नकोस, हे मी पुतणीला पहिल्यांदा सांगितले. जूनपासून ती केरीच्या पलीकडच्या आमच्या घरी राहून पुण्याच्या ऑफिसचे काम करणार आहे. "काका, सगळ्यात फास्ट नेट कुणाचे?" हा तिचा प्रश्न. पण पणजीत एकाचे चांगले चालते, फोंड्यात दुसऱ्याचे आणि आमच्या पडवीत तिसऱ्याचेच. तिच्यासाठी जी तयारी केली ती इथे लिहून ठेवतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावच्या घरी कामासाठी येणाऱ्याला ती उपयोगी पडावी.

आधी वाड्यावर चौकशी करा, पण प्रश्न नीट विचारा. "रेंज आहे का?" असे विचारले की फोन लागत असेल तर कुणीही "आहे" म्हणेल. विचारायचे ते असे: घरात बसून व्हिडिओ कॉल होतो का, रात्री आठनंतरही होतो का आणि लाईट गेल्यावर नेट किती वेळ टिकते. २०२० साली शाळा ऑनलाईन झाल्या तेव्हा सत्तरी-सांगेतली पोरे रेंजसाठी डोंगर चढून बसायची. ती आता कॉलेजात आहेत. कुठल्या कंपनीचा टॉवर कुठल्या बाजूला, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे असतात तेही बघा, पण नकाशात गाव रंगलेले दिसले म्हणजे चिऱ्याच्या भिंतीआड नेट मिळेल असे नाही.

यानंतरचे काम सगळ्यात महत्त्वाचे आणि त्याला एक पूर्ण दिवस द्या. दोन सिमचा फोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घाला, लहानात लहान पॅक मारा आणि घरभर फिरा. फोनवरच्या कांड्यांवर जाऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिम स्टेटस असते, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. उणे ९० च्या आसपास असेल तर काम मजेत होते, ११० च्या पुढे गेला की रडकथा सुरू. आमच्या माजघरात उणे ११६ होता, पडवीत पूर्वेच्या खांबाशी १०१ आणि माळ्यावर कौलांखालच्या खिडकीत ९४. दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट, तेव्हा माजघर आणि माळा यांत शंभर पटीहून जास्त अंतर पडले, तेही एकाच सिमवर, एकाच छपराखाली. तिचे टेबल माळ्यावर गेले ते याच कारणाने. आजीला ते आवडलेले नाही, पण इलाज नाही.

जिथे बसणार त्याच जागी स्पीड टेस्ट करा. सकाळी सातला, अकराला आणि रात्री नऊला, अशी तीनदा. डाउनलोडचा मोठा आकडा बघून भुलू नका. मीटिंगमध्ये तुमचा आवाज आणि चेहरा पलीकडे पोचवते ते अपलोड. ते सतत २ एमबीपीएसच्या वर राहत असेल तर रोजच्या कॉलांना पुरते. गणेश चवथीला मुंबई-पुण्याहून सगळी माणसे गावी येतात, तेव्हा तोच टॉवर दमतो. त्या दिवसांत मोठ्या फाइली पहाटे पाठवायच्या, हे आत्ताच ठरवून टाका.

झाडी आणि जाड भिंती यांतून कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी चांगल्या शिरतात. म्हणून ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा टॉवर जवळ असेल तर कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, लपलेल्या घरालाही नेट मिळते. २३०० वाला शहरात वेगवान, पण आमच्या पोफळींपुढे त्याचे फारसे चालत नाही. डोंगल किंवा राउटर घेताना खोक्यावरचे बँड वाचा: २८ म्हणजे ७००, ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ४० म्हणजे २३००. तुमच्या गावात जो चालतो तोच त्यात नसेल तर ते यंत्र फुकटही नको. कंपनीच्या नावाचे डोंगल बरेचदा त्याच कंपनीच्या सिमला लॉक केलेले असते, हेही दुकानातच विचारून घ्या.

सुरुवातीला मात्र डोंगल न घेता फोनच वापरून बघा, असे माझे मत. फोन खिडकीत ठेवायचा आणि तीन मीटरच्या चांगल्या यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा. हॉटस्पॉटपेक्षा हे स्थिर चालते आणि फोन चार्जही होत राहतो. घरात तिघेचौघे नेट वापरणार असतील तरच बॅटरीवाला पॉकेट राउटर घ्या. ऑनलाईन मिळणाऱ्या सिग्नल बूस्टरच्या नादाला लागू नका. परवानगीशिवाय तो बसवणे बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांची रेंज बिघडते.

पॅकचे थोडक्यात. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण १ जीबी जातो असे धरा, म्हणजे रोजचे दीड जीबी ऑफिसला पुरत नाहीत. अमर्याद फाइव्ह-जी असे पॅकवर लिहिलेले असले तरी फोन फोर-जीवर उतरला की रोजच्या कोट्यातूनच कापते. लॅपटॉपमध्ये हे कनेक्शन "मीटर्ड", म्हणजे मोजून वापरायचे, म्हणून नोंदवून ठेवा. मी ते केले नव्हते. एका सकाळी लॅपटॉपने मागच्या मागे अपडेट ओढले, कोटा संपला आणि भावाच्या पेन्शनचे कागद अपलोड करायचे अर्ध्यावर राहिले. तो शेवटचा दिवस होता. शेजारच्या घरचा फोन मिळाला म्हणून निभावले.

चोर्ला घाटाकडे किंवा पोळे सीमेजवळ घर असेल तर आणखी एक बघायचे. फोन मध्येच कर्नाटकचा टॉवर पकडतो, आणि डेटा रोमिंग बंद असेल तर नेट थांबते. रोमिंग चालू ठेवा.

आता पावसाचे. आषाढात आमच्याकडे लाईट जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. टॉवरलाही बॅटरी असते, पण ती काही तासांची. म्हणून दुसरे सिम हवेच, मात्र ते घेताना एक चूक सगळे करतात: दोन कंपन्या म्हणजे दोन टॉवर असे समजतात. एकाच टॉवरवर दोघा-तिघांची यंत्रे असतात आणि तो झोपला की सगळेच झोपतात. लाईट गेल्यावर तासातासाने दोन्ही सिमे तपासा, कुठले आधी मरते ते लिहून ठेवा. आमच्याकडे सरकारी कंपनीचे सिम उशिरापर्यंत टिकते, वेगाने कमी असले तरी. ऑफिसला "पाऊस आहे, उशीर होईल" एवढे कळवायला ते पुरते. जवळ मोठी पॉवर बँक असावी, आणि लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॉटची घ्यावी.

राउटरला बाहेरचा अँटेना लावणार असाल तर केबल आत घेण्याआधी तिला बाहेरच्या बाजूला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते, यंत्रात उतरत नाही. ढग दाटले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, अँटेनाची पिन काढून ठेवायची. ती कुठली, हे ओळखता यावे म्हणून मी तिला लाल दोरा बांधला आहे.