या चुका टाळा : खांबावरची चिमणी दुपारी खरं बोलत नाही

चोपडा तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातलं शेतीचं फीडर, म्हणजे सबस्टेशनातून शेतांकडे वीज नेणारी लाईन. महिना डिसेंबर. पहाटे पाचच्या सुमारास ट्रिप व्हायचं, म्हणजे आपोआप बंद पडायचं, साडेनऊला चार्ज (पुन्हा चालू) केलं की दिवसभर निमूट चालायचं. असे चार दिवस गेले. मी तेव्हा लाईनच्या कामाचे छोटे ठेके घ्यायचो. रोज चहापाणी उरकून, ऊन वर आलं की पोरांना घेऊन लाईन पायी फिरायची, खांबाखांबाखाली मान वर करून बघायचं आणि काही सापडलं नाही म्हणून परत यायचं. बांधावरून कुणीतरी विचारायचं, "लाईट उनी का?" आमचं उत्तर ठरलेलं, "उनी, नि गयी." (आली, नि गेली.)

पाचव्या दिवशी स्वेटर चढवून साडेचारलाच गेलो. नाल्यापलीकडच्या तिसऱ्या खांबावरून आवाज येत होता. ओलं सरपण चुलीत घातल्यावर येतो तसा, चर्र... चर्र... मधूनच टक्. मधल्या तारेच्या चिमणीच्या, म्हणजे तार पेलणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरच्या, झालरीखाली निळसर दोरा थरथरत होता. बघता बघता एक मोठा टक् झाला आणि सगळं गप्प. फीडर गेलं. परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेऊन, दोन्हीकडून लाईन अर्थ करून, म्हणजे जमिनीला जोडून, पोरगा वर चढला आणि तिथूनच ओरडला, "भाऊ, हिला तर काहीच झालं नाही!" खरंच अखंड दिसत होती. तार बांधलेली बाइंडिंग सोडून फिरवली तेव्हा रस्त्याच्या उलट बाजूला केसाएवढी चीर निघाली, माथ्याच्या खोबणीपासून वरच्या झालरीखाली गेलेली. जरा पिळली तर मडक्याच्या झाकणासारखा वरचा तुकडा हातात आला. चिरेच्या आत काजळी.

चार दुपारी आम्ही तिच्या खालून गेलो होतो.

चिमणी म्हणजे पिन इन्सुलेटर, खांबावरच्या आडव्या लोखंडी चॅनेलवर उभा असतो तो. तार जिथे ताणून संपवतात त्या कट पॉइंटला असते ती थाळीसारखी डिस्क. गल्लीतल्या चारशे-सव्वाचारशे व्होल्टच्या लाईनवर चकरीसारखा असतो तो शॅकल. काम तिघांचं एकच, तारेतला करंट खांबात उतरू द्यायचा नाही. 11 हजारांच्या लाईनवर एका तारेपासून जमिनीपर्यंत साधारण 6,350 व्होल्टचा दाब असतो आणि तो चोवीस तास वाट शोधत असतो. कोरड्या चिरेत त्याला वाट मिळत नाही. दव पडलं की चिरेत ओल भरते, वाट तयार होते. ऊन चढलं, ओल सुकली की वाट बंद. म्हणून फॉल्ट ज्या वेळी येतो त्याच वेळी बघायला जायचं. पहाटेचं दव, धुकं, बारीक रिमझिम हीच खरी वेळ. धो धो पाऊस त्यामानाने बरा, तो निदान धूळ तरी धुऊन नेतो.

मेगर म्हणजे इन्सुलेशन किती पक्कं ते मोजायचं यंत्र, त्याच्या बाबतीतही हीच फसगत होते. घरच्या वायरिंगसाठी असतो तो 500 व्होल्टचा मेगर 11 हजारांच्या इन्सुलेटरला लावायचा आणि काटा वर गेला म्हणून "ओके" म्हणायचं, हे मी स्वतः केलेलं आहे. 500 व्होल्टला जी चीर दाद देत नाही, ती सहा हजारांना सरळ वाट देते. लावायचाच तर 5,000 व्होल्टचा लावा. तोही दुपारी लावलात तर चांगल्या रीडिंगवर फार भिस्त ठेवू नका.

अंधारात बरोबर न्यायची एक जुनी वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर रेडिओ. मीडियम वेव्हवर कुठलंच स्टेशन नसेल अशा जागी काटा ठेवायचा आणि लाईनच्या कडेने चालायचं. ठिणगी जवळ आली की खरखर वाढते. नुसती एकसुरी गुणगुण ऐकून मात्र घाबरू नका. दमट हवेत 33 हजारांच्या लाईनखाली ती असू शकते. तुटक, चरचरणारा, मधूनच फटकणारा आवाज तेवढा वाईट.

ट्रिप झालं की "अजून एक ट्राय घे" म्हणायची सवय सोडा. दर ट्रायला फॉल्टमधून मोठा करंट धावतो, चिरेच्या दोन चिरा होतात. त्याहून वाईट म्हणजे तार तुटून शेतात पडलेली असू शकते आणि तिच्याजवळ कुणी उभं असू शकतं. सरळ मार्ग वाटण्याचा आहे. लाईन बंद ठेवून मधला एबी स्विच (खांबावरचा, लाईनचे दोन भाग तोडणारा) उघडायचा, सबस्टेशनकडचा अर्धा भाग एकदाच चार्ज करायचा. धरला, म्हणजे ट्रिप न होता टिकला, तर दोष पुढच्या भागात. तीन-चार स्विचांत दोष दहा-बारा गाळ्यांवर (गाळा म्हणजे दोन खांबांमधला टप्पा) येऊन थांबतो. आणि सगळ्या चिमण्या बदलूनही लाईन धरत नसेल तर डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवरच्या, लायटनिंग अरेस्टरकडे (आकाशातल्या विजेचा तडाखा जमिनीत उतरवतो तो) बघा. तो आतून गेला की लक्षणं अगदी इन्सुलेटरचीच दिसतात.

आता धूळ. इन्सुलेटरला झालरी शोभेसाठी नसतात. माथ्यापासून खालच्या लोखंडी पिनेपर्यंतचा पृष्ठभागावरचा रस्ता त्या लांब करतात आणि झालरीची खालची बाजू पावसातही कोरडी राहते. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ, जिनिंगजवळ कापसाची बारीक रूई, दीपनगरच्या बाजूला वीज केंद्राची राख, आणि कापूस संपला की लाईनखालीच पेटवलेल्या पऱ्हाटीची काजळी. कोरडी असताना ती बसून राहते. दव पडलं की तिचा लेप होतो आणि लेपातून करंट झिरपायला लागतो. त्या करंटच्या उष्णतेने लेप जागोजाग सुकतो, सुकलेल्या पट्ट्यांवर ठिणग्या उडतात. पऱ्हाटी लाईनपासून लांब जाळा, किंवा कुट्टी करून रानातच पसरा. आणि मोटारीच्या पाइपने चिमणी धुवायचा विचार मनातही आणू नका. पाण्याची धार म्हणजे तुमच्यापासून तारेपर्यंत सरळ टाकलेली वायर. साफसफाई लाईन बंद करून, अर्थ करून, कोरड्या फडक्याने आणि हाताने करायची असते. हाताने म्हणतो याला कारण आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर नखाला लागते.

"मे महिन्यात तापलेली चिनी माती मृगाच्या पहिल्या सरीने तडकते" हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे पटतंही. मला ते अर्धंच खरं वाटतं. चिनी मातीचा इन्सुलेटर कारखान्यात तपासताना गरम आणि थंड पाण्यात आलटून पालटून बुडवतात, दोन्हींत 70 अंशांचा फरक ठेवून, तोही तीन वेळा. धडधाकट इन्सुलेटर यातून पार पडतो. पहिल्या सरीत फुटते ती आधीच दुखावलेली चिमणी. कुणी दुखावलेली? पुष्कळदा गोफणीने. बाजरी-ज्वारीवरची पाखरं उडवताना किंवा नुसता नेम धरताना लागलेला दगड झालरीचा टवका उडवतो, आणि वरचा गुळगुळीत मुलामा गेला की तिथे मळ धरतो. दुसरं कारण बसवणाऱ्याचं. पिनेच्या माथ्याला शिशाचे आटे असतात. उन्हात लोखंड चिनी मातीपेक्षा जास्त फुगतं, तेव्हा मऊ शिसं मधल्या मध्ये दबतं. शिसं झडलेल्या गंजक्या पिनेवर नवी चिमणी बळाने पिळून बसवली की पहिल्याच उन्हाळ्यात ती आतून चिरते. जुन्या डिस्कमध्ये टोपीतलं सिमेंट वर्षांनुवर्षं फुगत राहतं, तेही असंच करतं.

ताणातला अंडा गाळू नका

खांबाला तिरपा ताण देतात त्या तारेत मध्ये अंड्याएवढा चिनी मातीचा तुकडा असतो. आमची पोरं त्याला अंडाच म्हणायची. सगळ्यात दुर्लक्षित तो, आणि माणसांना, गुरांना वाचवतो तोही. लाईनची तार सुटून ताणावर पडली तर वरचा भाग जिवंत होतो, खालचा होत नाही, कारण मध्ये अंडा आहे. नियमाने तो जमिनीपासून किमान 3 मीटर उंच हवा. हातात घेऊन बघा, दोन भोकं एकमेकांना काटकोनात असतात आणि तारेचे दोन्ही फास एकमेकांत अडकवलेले असतात. त्यामुळे अंडा फुटला तरी ताण सुटत नाही, खांब पडत नाही. गंमत अशी की म्हणूनच तो फुटल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही! ट्रॅक्टरने ताण तोडला की घाईत सलग तार ओढून काम उरकतात, अंडा गायब होतो. पुढे त्याच ताणाला कुणीतरी म्हैस बांधतं. बांधू नका, आणि अंडा नसलेला ताण दिसला तर तक्रार करा.

बाइंडिंगला लोखंडी तार वापरायची चूक ठेकेदार करतात. ॲल्युमिनियमच्या वाहिनीला ती करवतीसारखी कापते. ॲल्युमिनियमचीच बाइंडिंग वायर घ्या, घट्ट वेढा, सैल राहिली की घासते. हल्ली पॉलिमरचे इन्सुलेटर येतात. दगडाने फुटत नाहीत, हलके असतात, मला आवडतात. पण गोदामात उंदीर त्यांची रबरी झालर कुरतडतात, आणि पोरं त्यांच्यावर पाय देऊन चढतात. फाटलेली झालर चिकटवून लावू नका.

शेवटची चूक सगळ्यात महागाची. लाईट चालू आहे म्हणजे खांब ठीक आहे, असं समजणं. सिमेंटच्या खांबावर चिमणी फुटली तरी कधीकधी इतका कमी करंट उतरतो की सबस्टेशनची रिले (दोष ओळखून लाईन तोडणारी) हलत नाही. फीडर चालू, घरी पंखा चालू, आणि खांबाभोवतीची ओली काळी जमीन जिवंत. बैल माणसाआधी पडतो, कारण त्याच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. पायात मुंग्या आल्या, गुरं एका खांबाजवळ बिथरली, तर धावू नका. पाय जुळवून, चिमुकली पावलं टाकत लांब व्हा आणि इतरांना थांबवा.

1912 वर फोन करताना नुसतं "लाईट नाही" सांगू नका. डीपीचं नाव, खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो, नसेल तर कुणाच्या बांधावर ते, फॉल्ट किती वाजता येतो, तेव्हा दव होतं की पाऊस, आणि आवाज कुठल्या खांबावरून येतो. वायरमन भर दुपारी आला, वर बघून "काही नाही" म्हणाला, तर त्याला पहाटे चहाला बोलवा.