कमी भाड्याच्या इमारतीत रहिवासी-सेवा सुरू करताना: आधी भाड्याची वही उघडा

ना-नफा संस्थेची इमारत उभी राहते, भाडं आटोक्यात ठेवलं जातं, किल्ल्या वाटल्या जातात. मग संस्थेच्या बैठकीत विषय निघतो, 'रहिवाशांसाठी आता काय काय करूया?' कोणी कॉम्प्युटरचे वर्ग सुचवतं, कोणी आरोग्य शिबिर, कोणी मुलांसाठी चित्रकला. मी अशाच एका संस्थेत रहिवासी-सेवेचं काम बघते आणि नव्यानं या कामात येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच सांगते: वर्गांचं नंतर बघू, आधी थकबाकीची यादी मागून घ्या.

घर सुटलं की त्याबरोबर मुलांची शाळा सुटते, ओळखीचा डॉक्टर सुटतो, अडीनडीला धावणारी शेजारीण सुटते. तेव्हा आपली पहिली सेवा म्हणजे आलेलं कुटुंब टिकवणं.

भाड्याची मुदत उलटली की दोन-तीन दिवसांत यादी हातात हवी. त्यात आधी कोणाकडे जायचं? नेहमी उशीर करणाऱ्यांकडे आपण जाणारच आहोत. पण आजवर कधीच चुकला नाही आणि या महिन्यात चुकला, त्याच्या दारात त्याच दिवशी जा. तिथे काहीतरी नक्की बिनसलेलं असतं आणि ते अजून निस्तरण्याजोगं असतं. पत्र पाठवू नका. संस्थेचं पत्र म्हणजे नोटीसच, असं समजून लोक ते उघडतही नाहीत. 'भाडं का भरलं नाही?' असंही विचारू नका. 'या महिन्यात काही अडचण आली का?' एवढं विचारा आणि गप्प बसा.

एक आजोबा एकटे राहायचे. भाडं कायम वेळेवर. एका महिन्यात आलं नाही म्हणून मी गेले. बरंच बोलणं झाल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत न फोडलेल्या लिफाफ्यांचा गठ्ठा. दृष्टी अधू झाली होती, अक्षर लागत नव्हतं, आणि वाचून दाखवा म्हणायला संकोच वाटत होता. आम्ही दोघांनी मिळून एकेक लिफाफा फोडला. खालून तिसऱ्या लिफाफ्यात सरकारी मदतीच्या नूतनीकरणाचा अर्ज निघाला. तो न भरल्यामुळे मदत थांबली होती. अर्ज भरला, तिथूनच फोन लावला, संस्थेकडून भाड्याला मुदत मिळवली. पैसे सुरू झाले, घर राहिलं. तेव्हापासून इमारतीतली प्रत्येक सूचना आम्ही मोठ्या अक्षरात छापतो, आणि 'कागद वाचून हवेत का?' हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतो, म्हणजे कोणालाच कमीपणा वाटत नाही.

थकबाकीचे हप्ते ठरवताना आकडा आधी भाडेकरूच्या तोंडून येऊ द्या. चालू भाडं अधिक झेपेल एवढा छोटा हप्ता, लेखी, दोघांच्या सह्यांसह. ऑफिसनं स्वतःच्या सोयीनं ठरवलेला मोठा हप्ता दुसऱ्याच महिन्यात मोडतो. विश्वस्त कुरकुरले तर त्यांच्यापुढे हिशेब मांडा: घर खाली करून घेण्याचा वकिलाचा खर्च, रिकाम्या घराचं बुडालेलं भाडं, रंगरंगोटी, नवा भाडेकरू शोधणं. आणि त्या कुटुंबावर जे ओढवतं, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

भाडं गोळा करणारी आणि मदत करणारी व्यक्ती एकच नको, हे माझं मत कोणी बदलू शकलेलं नाही. नोकरी गेली, नवरा सोडून गेला, या गोष्टी भाड्याची पावती फाडणाऱ्याला कोण मोकळेपणानं सांगेल? माझ्याकडे आलेली माहिती रहिवाशाच्या लेखी संमतीशिवाय ऑफिसात जात नाही.

या क्षेत्राची आद्य कार्यकर्ती मानली जाणारी ऑक्टेव्हिया हिल मात्र दोन्ही कामं एकत्र करायची. १८६५ मध्ये इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किननं लंडनच्या मॅरिलबोन भागात घरं घेऊन तिच्याकडे सोपवली. तिनं त्याला गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा मिळवून द्यायचा होता. ती आणि तिच्या सहकारी स्त्रिया दर आठवड्याला दारोदार जाऊन भाडं घ्यायच्या, तेव्हाच विचारपूस करायच्या. थकबाकीच्या बाबतीत ती फार कडक होती. तो कडकपणा मला पटत नाही. पण तिची एक पद्धत उचलण्यासारखी आहे. डागडुजीसाठी ती वर्षाची एक रक्कम बाजूला ठेवायची, आणि मोडतोड कमी होऊन त्यातलं जे उरेल ते भाडेकरू सांगतील त्या सुधारणेवर खर्च करायची. सांभाळून वापरल्याचा फायदा वापरणाऱ्यालाच.

डागडुजी हीसुद्धा रहिवासी-सेवाच आहे. ज्याच्या स्वयंपाकघरात छत गळतंय, तो तुमच्या वर्गाला कशाला येईल? तक्रार आली की नोंदवून घ्या आणि माणूस कधी येणार ती तारीख सांगा. तारीख हुकणार असेल तर आदल्या दिवशी फोन करा. अमेरिकेत सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची ११ मजली ३३ इमारतींची सरकारी वसाहत १९५०च्या दशकात उभी राहिली आणि १९७२ पासून ती पाडायला सुरुवात झाली. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक हे की देखभालीचा खर्च भाड्यातूनच निघायचा होता. लोक सोडून गेले, भाडं आटलं, देखभाल थांबली, मग आणखी लोक गेले. म्हणून देखभालीची गंगाजळी पहिल्या वर्षापासून वेगळी ठेवा.

भाडं उत्पन्नाशी जोडलेलं असेल तर पगार वाढला की भाडंही वाढतं, आणि लोक बढतीला घाबरतात. अमेरिकेत सरकारी मदतीच्या घरांसाठी १९९० मध्ये यावर एक योजना निघाली: कमाई वाढल्यामुळे जेवढं भाडं वाढेल, तेवढी रक्कम त्या कुटुंबाच्या नावानं खात्यात साठते आणि ठरवलेली उद्दिष्टं पूर्ण झाली की त्यांना मिळते. तुमच्या नियमांत असं बसत नसेल तर निदान कागद-पेन घेऊन बसा. 'पगार इतका वाढला तर भाडं इतकं वाढेल, हातात इतकं उरेल,' हे नोकरी स्वीकारण्याआधी दाखवा.

शेजार जुळवायला मी मजल्याची यादी वापरते. लिफ्ट बंद पडली तर कोणाला जिना उतरता येत नाही? कोणाचं औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं? कोणाची जादा किल्ली कोणाकडे आहे? हे सगळं त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं लिहायचं. यादी करताना समोरासमोरच्या दारांतले लोक पहिल्यांदा एकमेकांची नावं विचारतात. प्रत्येक मजल्यावर एकीनं किंवा एकानं यादी सांभाळायची आणि त्याचं मानधन द्यायचं. गरिबांकडून फुकट राबवून घेणं मला मान्य नाही.

आता वर्ग. व्हिएन्नातल्या कार्ल-मार्क्स-होफ या नगरपालिकेच्या वसाहतीत (१९३०) १३८२ घरांबरोबर सामायिक धुलाईघरं, बालवाड्या आणि वाचनालय बांधलं होतं. रोजची कामं उरकता उरकता माणसं भेटतील, अशा त्या जागा. तुमच्याकडे एकच खोली असेल तरी चालेल. मोठ्यांचा वर्ग आणि मुलांचा अभ्यास एकाच वेळी ठेवा, नाहीतर आया येणार नाहीत. वेळ त्यांच्या पाळ्या विचारून ठरवा.

पैशांबाबत शेवटचं. रहिवासी-सेवकाचा पगार इमारतीच्या नियमित खर्चात धरा. देणगीवर चालणारं पद देणगीबरोबर संपतं आणि नवीन माणसाला पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करावी लागते. वार्षिक अहवालात कार्यक्रमाला किती जण आले हे छापायचं तर छापा, पण त्याच्या वर तीन आकडे येऊ द्या: किती जणांची थकबाकी फिटली, किती नोटिसा मागे घेतल्या, आणि वर्षभरात किती कुटुंबांना मनाविरुद्ध घर सोडावं लागलं.