भाड्याच्या घराचं वीजबिल अंगावर येऊ नये म्हणून

बिल घरमालकाच्या नावावर, एसएमएसही त्यांच्याच मोबाइलवर. मग 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत दोन-तीन बिलं साठतात. मुदत टळली की विलंब आकार लागतो, पुढे व्याज. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो, आणि ती नोटीस बहुतेकदा मालकांकडे जाते. आपल्याला कळतं ते फ्रिजमधलं दूध नासल्यावर! शेवटी थकबाकी डिपॉझिटमधूनच कापली जाते.

मी आता घर बदललं की हे करतो:

१. किल्ली हातात घेण्याआधी जुनं बिल मागतो. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. तो आणि बिलावरचा बिलिंग युनिट (BU) क्रमांक यूपीआय ॲपमध्ये टाकला की थकबाकी लगेच दिसते. मागच्या भाडेकरूची बाकी असेल तर ती आधी मिटवायला सांगतो.

२. सामान टेम्पोतून उतरायच्या आत मीटरचा फोटो. रीडिंग आणि मीटर क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत (जिन्याखाली अंधार असतो, टॉर्च लावा). तो तिथूनच मालकांना व्हॉट्सॲपवर. घर सोडताना पुन्हा तसाच.

३. ॲपमध्ये ग्राहक क्रमांक सेव्ह करून रिमाइंडर. भरल्याची पावती त्याच चॅटमध्ये.

एक सांभाळा: मालकांना रोख पैसे देऊन 'काका, तुम्हीच भरा' म्हणू नका. द्यायचेच झाले तर पावतीचा फोटो मागून घ्या.