विश्वास कोरडा पडला असेल तर कुठून सुरू करावं

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात मी नर्सिंग केलं. आता निवृत्त आहे. महिला मंडळात नव्या मुली येऊन शेजारी बसतात आणि हळूच सांगतात, "सिस्टर, प्रार्थनेला बसते, पण मन लागत नाही." या मुली उपासना चुकवत नाहीत, गीतं म्हणतात, कमाईचा दशमांश (दहावा हिस्सा) देतात, तरी आत काही हलत नाही. मग कुणीतरी सुचवतं, अमुक ठिकाणी विश्वास पुन्हा जागवणाऱ्या संजीवन सभा आहेत, जाऊन ये. सभेला जरूर जावं, मीही जाते. पण सभा उरकून सोमवारी पहाटे नळाला पाणी आलं की पुढे काय करायचं, त्याबद्दल हे लिहिते आहे.

बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इफिस शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, प्रभू येशूचा निरोप आहे. त्या मंडळीने श्रम केले होते, धीर धरला होता, खोटे प्रेषित ओळखले होते. फक्त पहिली प्रीती सोडली होती. प्रभू तिला नवं काही करायला लावत नाही. कुठून पडलीस ते आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्यं कर, एवढंच सांगतो. म्हणून मी मुलींना आधी विचारते, सुटलं कुठे?

त्याच्याही आधी झोप आणि जेवण बघा. रात्रपाळ्या करून शिणलेल्या मुलीला मी उपास करायला सांगत नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. आठवडाभर नीट झोपा, दोन वेळ बसून जेवा. आणि झोपच लागत नसेल, रडू थांबत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगून डॉक्टरांकडे जा. हा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. गोळी घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही.

मग एक साधी वही घ्या. देवाशी मोकळेपणाने शेवटचं कधी बोललात ते लिहा. त्या सुमाराला घरात, नोकरीत, मंडळीत काय घडलं ते लिहा. आणि कुणाचं नाव निघालं की छातीत आवळल्यासारखं होतं, ते नाव लिहा. बहुतेकींची गाठ या नावापाशीच सापडते. बायबलमधलं स्तोत्र 51, ते पश्चात्तापाचं आहे, मोठ्याने वाचा आणि पाप मोघम कबूल करू नका. "प्रभो, माझ्या सर्व पापांची क्षमा कर" म्हणणं सोपं असतं. "अमकीचा मला हेवा वाटतो" हे तोंडातून काढायला जड जातं, म्हणून तेच काढा.

नाव सापडलं की त्या माणसाकडे जायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. प्रार्थना वाढवून ही पायरी ओलांडता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाटणीवरून माझा आणि थोरल्या जावेचा अबोला होता. तासगावच्या बाजूला त्यांचं घर. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत गेले, म्हणजे ऐन बेदाण्याच्या हंगामात. सोप्यात पोतं अंथरून आक्का बेदाणा निवडत होत्या. मान वर केली, "बस" म्हणाल्या आणि परत सुपात बघायला लागल्या. मी म्हटलं, "आक्का, तुमच्यावरचा राग मनात धरून मी प्रभुभोजन घेत आले. तो सोडायला आलेय." बराच वेळ काही नाही. मग एक सूप माझ्याकडे सरकवलं, "काड्या काढ. बारीक राहतात, नीट बघ." दिवस मावळेपर्यंत दोघी काड्या काढत बसलो. बोटं चिकट झाली होती. जमिनीचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. निघताना त्यांनी पिशवीत बेदाणा घातला आणि एसटीपर्यंत सोडायला आल्या.

यातलं घेण्यासारखं सांगते. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर हे करू नका, समोर जा. आपल्या वाटचं तेवढं बोला, "पण तूही" हे शब्द टाळा. समोरची व्यक्ती गप्प राहिली तरी चालेल. तुमच्याकडून होईल तेवढं शांतीने राहा, असंच पौलाने रोमकरांस लिहिलं आहे. मात्र जिथे मारहाण आहे, जबरदस्ती आहे, तिथे एकटीने अजिबात जाऊ नका. मंडळीच्या पाळकांना (पाद्रींना) किंवा विश्वासाच्या वडीलधाऱ्यांना सांगा. क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे.

यानंतर वाचन. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका, पुढे लेवीय या नियमांच्या पुस्तकात गाडी अडते. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक. वाचताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहाट जमत नसेल तर ड्यूटीवरून आल्यावर वाचा, पण जागा एकच ठेवा.

पहिली कृत्यं कोणती, ते ज्याचं त्याला आठवतं. कुणी शब्बाथशाळेत शिकवत असे, कुणी वॉर्डात फिरून रुग्णांपाशी बसत असे, कुणी स्वयंपाक करताना गात असे. तेच परत धरा, मन आलं नाही तरी धरा. "आता या वयात काय" म्हणणाऱ्यांना मी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं सांगते. मिशनचं काम सोडून 1917 साली साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा पन्नाशी कधीच मागे पडली होती.

एकटीने हे टिकत नाही. एक सोबतीण शोधा, आठवड्यातून एकदा भेटा आणि एकमेकींच्या नावाने प्रार्थना करा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेर मोठं उज्जीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं, त्याची गोष्ट सगळे सांगतात. मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी जानेवारीपासूनच रोजच्या प्रार्थनेला बायका-मुलींना एकत्र बसवलं होतं, ते फार कमी जण सांगतात.

मार्क संपला की स्तोत्रं घ्या. दीडशे आहेत, रोज पाच वाचली की महिन्यात होतात. तारखेला पाचने गुणलं की त्या दिवसाचं शेवटचं स्तोत्र मिळतं. चौदा तारखेला 66 ते 70. चोवीस तारखेला 119 वगळा, त्यात 176 ओव्या आहेत. ते 31 तारखेला एकटंच वाचा. मध्ये चार दिवस राहून गेले तर मागचं भरून काढत बसू नका. कॅलेंडर बघा आणि आजची पाच वाचा.